फक्त दोन जागा बाकी

जगातल्या सगळ्या राज्यव्यवस्थांचे अखेर दोनच वर्ग पडतात: जिथे बस वेळ झाली की सुटते, आणि जिथे बस भरली की सुटते. राज्यघटना, निवडणुका, झेंडे वगैरे बाकीच्या गोष्टी ही या मूळ फरकावरची सजावट. पहिल्या वर्गातला माणूस दुसऱ्या वर्गात येऊन पडला, तर त्याची कागदपत्रं बदलायला दोन वर्षं लागतात. सवय बदलायला किती लागतात याची आकडेवारी अद्याप उपलब्ध नाही.

ओग्बाझगी पहिल्या वर्गातले होते. अस्मारा शहराच्या बससेवेत त्यांनी तिकीट तपासनीस म्हणून एकतीस वर्षं काढली होती. (शेवटची काही वर्षं डिझेलअभावी बस क्वचितच येत असे. पण ती न येण्याची वेळ ठरलेली असे, आणि त्या वेळेला ओग्बाझगी थांब्यावर हजर असत.) आता ते, बायको हारेगू आणि मुलगी झाइद असे तिघं कंपालात, कन्सांगाच्या चढावर, दोन खोल्यांत राहत होते. येऊन आठ महिने झाले होते. देश का सोडला, हे त्या वस्तीत कुणी कुणाला विचारत नाही. पुढे कुठे जाणार, हे मात्र सगळे सगळ्यांना रोज विचारतात.

तिघं राहत होते हेही पूर्ण खरं नाही. हारेगू पाच आठवड्यांपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवरच्या इस्पितळात होती. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले होते. भेटायची वेळ चार ते पाच. पाचाला घंटा व्हायची आणि परिचारिका नातेवाइकांना गोड बोलून दाराबाहेर काढायची. हारेगूला शेजारणीच्या डब्यातलं केळ्याचं मटोके गिळवत नव्हतं. तिला घरची आंबूस ताइता भाकरी आणि पिठल्यासारखा पातळ शिरो लागायचा, आणि तोही नवऱ्यानं भरवला तरच चार घास पोटात जायचे. तेव्हा प्रश्न अगदी साधा होता. ओग्बाझगींनी डबा घेऊन चारच्या आत टेकडीवर पोचायचं. अंतर अकरा किलोमीटर.

मोटारसायकलवाले कोपऱ्यावरच उभे असत आणि कुणालाही कुठेही वीस मिनिटांत नेऊन टाकत. पण ओग्बाझगींच्या मांडीत सळई होती. मागे टांग टाकून बसायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मनाई नसती तरी ते बसले नसते. "ज्याला तिकीट नाही त्याला जबाबदारी नाही," असं त्यांचं मत होतं. भाड्याची मोटार हा विषय महिन्याच्या वीस तारखेनंतर घरात निघत नसे, आणि त्याआधी फारसा निघत नसे. राहिली बस.

बस म्हणजे चौदा जणांची पांढरी व्हॅन, कमरेला निळ्या चौकटींचा पट्टा. गावात तिला टॅक्सी म्हणतात. ओग्बाझगी बसच म्हणत, कारण तिच्यात अनोळखी माणसं एका दिशेला तोंड करून बसलेली असत, आणि बसची याहून चांगली व्याख्या त्यांना एकतीस वर्षांत सापडली नव्हती.

पहिल्या दिवशी बापलेक पावणेतीनला थांब्यावर गेले. लुब्वामा नावाचा मिशीवाला वाहक व्हॅनच्या दारावर थापा मारत ओरडत होता, "फक्त दोन जागा बाकी! बसा, निघालीच!" आत बारा माणसं बसलेली होती. दोघं चढले. बारा आणि दोन चौदा, हे गणित अस्मारातही असंच सुटतं. बस सुटली नाही. त्याऐवजी खिडकीजवळची एक ऐसपैस बाई काहीतरी विसरल्यासारखा चेहरा करून उतरली. मग टोपीवाला एक जण उतरला. तेवढ्यात दोघं नवे चढले, तर मागच्या बाकावरचे दोघं उतरले. लुब्वामा ओरडतच होता, "फक्त दोन जागा बाकी!" आणि तो खोटं बोलत नव्हता. सव्वाचारपर्यंत कुठल्याही क्षणी मोजलं असतं, तरी दोनच जागा बाकी होत्या.

टेकडीवर पोचले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. डबा पहारेकऱ्याकडे देऊन दोघं परत फिरले.

"लोक किती धीराचे आहेत," ओग्बाझगी वाटेत म्हणाले. "एवढा वेळ बसले, एकानं तक्रार केली नाही."

चौथ्या दिवशी झाइदच्या लक्षात आलं की ती ऐसपैस बाई काहीच विसरलेली नसते. ती या व्हॅनमधून उतरते, थांब्याला वळसा घालते आणि पुढच्या व्हॅनमध्ये पुन्हा खिडकीशी जाऊन बसते.

इथे व्यवस्थेची थोडी स्तुती करणं आवश्यक आहे. भरल्यावर सुटणाऱ्या बसचा एक मूलभूत दोष असा, की रिकाम्या बसमध्ये पहिलं कुणी चढत नाही. प्रत्येकाला चौदावा व्हायचं असतं. चौदावा व्हायला आधी तेरा लागतात, आणि तेरावा व्हायला कुणी तयार असला तरी पहिला व्हायला कुणी नसतो. या कोड्यापुढे मोठमोठे विद्वान हात टेकतील. थांबा-समितीनं ते एका दुपारी सोडवलं: बसण्यासाठी माणसं नेमली. बारा जण सकाळपासून बसून असतात, खरा प्रवासी आला की एक जण उतरतो, आणि बस सदैव भरत आलेली राहते. यांना समितीच्या भाषेत 'आसनधारक' म्हणतात. त्यांच्या सेवाशर्ती लेखी आहेत. त्यांतल्या मुख्य अशा:

(१) आसनधारकाने प्रवाशासारखे दिसावे. अधूनमधून घड्याळ पाहावे, परंतु हताश होऊन पाहू नये.

(२) उतरताना सबब चेहऱ्याने द्यावी, तोंडाने नव्हे.

(३) शेजारील प्रवाशाने 'कधी सुटेल?' असे विचारल्यास 'आता सुटेल' असे सांगावे. याहून अधिक माहिती देऊ नये. (याहून अधिक माहिती कुणाकडेच नसते.)

(४) गरोदर दिसणाऱ्या आसनधारक महिलांनी वर्षातून एकदा तरी थांबा बदलावा.

झाइदनं हे सगळं वडिलांना सांगितलं. तिला वाटलं होतं, ते चिडतील. आयुष्यभर फुकटे प्रवासी पकडलेला माणूस. आणि इथे चौदातले बारा फुकटे, वर त्यांना पगार. ओग्बाझगींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे कामावर आहेत," ते म्हणाले.

त्या दिवशी ती बाई चढताच ते उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला खिडकीची जागा दिली. तिचं नाव नाकिबुले. वय पन्नाशीचं, मांडीवर रिकामी पर्स, कामात अकरा वर्षं. ओग्बाझगींचं आणि तिचं इंग्रजी सारखंच अपुरं होतं, त्यामुळे बोलणं सभ्य राहत असे.

"गणवेश नाही देत?" ओग्बाझगींनी विचारलं.

"गणवेश घातला तर ओळखू येऊ की, जाज्जा," नाकिबुले म्हणाली. त्या थांब्यावर म्हाताऱ्या माणसाला जाज्जा म्हणतात, म्हणजे आजोबा.

"आणि ही बस जाते कुठे, ते कधी बघितलंत?"

"मी? मी कशाला जाऊ? मला इथे काम असतं."

आता दोष कुणाचा, याबद्दल. दोष ओग्बाझगींचाच होता. अस्मारात जो आधी येतो तो आधी जातो; कन्सांगाला जो आधी येतो तो फक्त जास्त बसतो. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं, म्हणून ते समोरच्या टपरीवर मक्याचं कणीस खात उभं राहतं आणि बाराचे तेरा होताना पाहून धाव घेतं. ओग्बाझगी मात्र रोज पाऊण तास आधी जाऊन खऱ्या प्रवाशांत पहिले बसत, आणि पहिलं बसल्याचा त्यांना आनंद होई. शेवटी बस खरोखर भरायला आली, की चौदावा म्हणून कुणी वयस्कर धापा टाकत येई. मग ओग्बाझगी उठत, त्याला आपली जागा देत आणि स्वतः मागच्या व्हॅनमध्ये जात. तिथे ते पुन्हा पहिले असत.

"अबोय, तुम्ही बहात्तरचे. तो माणूस साठीचासुद्धा नव्हता," झाइद म्हणाली.

"त्याच्या हातात काठी होती."

"छत्री होती ती."

"छत्री टेकत होता," ओग्बाझगी म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी घरचा उपाय करून पाहिला. अस्मारात पावाच्या रांगेत माणसं सकाळी आपापला एक दगड ठेवून घरी जातात. दगड माणसाच्या जागी उभा राहतो. वर्ष-वर्ष शेजाऱ्याशी न बोलणारी माणसंही त्याचा दगड हलवत नाहीत. ओग्बाझगींनी एक चांगला चपटा दगड निवडला, दुपारी बारालाच नेऊन थांब्यावर ठेवला आणि जेवायला घरी आले. परत गेले तेव्हा दगड व्हॅनच्या मागच्या चाकाखाली होता. हातब्रेक त्या सुमारास जरा ढिला होता.

"हा दगड मी आहे," ओग्बाझगींनी लुब्वामाला सांगितलं.

लुब्वामानं वाकून पाहिलं. "बरं झालं सांगितलंत, जाज्जा. मग जरा तसेच थांबा. तुम्ही हललात तर गाडी उतारावर जाईल."

झाइदच्या वहीत तेवीस दिवसांची नोंद आहे. चारच्या आत पोचले: शून्य वेळा. पाचच्या आत पोचले: नऊ वेळा. त्यांत हारेगूला चार घास भरवण्याइतका वेळ उरला: चार वेळा. तेवीस दिवसांत ओग्बाझगींनी उठून जागा दिली: एकतीस वेळा. (यांतले अकरा आसनधारक होते. त्यांना जागेची गरज नव्हती, पण नाही म्हणणं नियमात बसत नव्हतं.)

चोविसाव्या दिवशी झाइदनं वडिलांना व्हॅनमध्ये बसवलं, डबा घेतला आणि त्यांना न सांगता मोटारसायकलवर बसून गेली. चार वाजता ती खाटेपाशी होती. खाटेवर आई पूर्वी दिसायची त्याच्या अर्धीच दिसत होती. चादर मात्र पूर्ण होती.

"तो कुठाय?" हारेगूनं विचारलं.

"बसमध्ये."

"सुटली का?"

"मी निघाले तेव्हा बारा जण होते."

"मग भरलीच की."

"अदेय, ते बारा खरे नसतात गं." आणि झाइदनं सगळं सांगितलं: बाईची पर्स, चेहऱ्यानं द्यायची सबब, चाकाखालचा दगड. हारेगू इतकी हसली की खोकला आला, आणि परिचारिकेनं वळून बघितलं.

"एकतीस वर्षं," दम सावरत हारेगू म्हणाली, "सणावारी घरात पाहुणा आला तरी हा माणूस आधी त्याच्या खिशाकडे बघायचा, तिकीट आहे का म्हणून. आणि आता फुकट्यांना उठून जागा देतोय. देवाला कंटाळा आला की तो असलं काहीतरी करतो."

झाइद भरवायला बसली. दोन घासांनंतर हारेगूनं तोंड फिरवलं. "तुझ्या हाताला घाई आहे," ती म्हणाली. मग शेजारच्या खाटेकडे डोळ्यांनी खूण करून हळूच म्हणाली, "हिच्याकडे काल अकरा माणसं आली होती. झोपेचं सोंग घेऊन मोजली मी. अस्मारात मला साधा ताप आला तरी जिन्यावर चपला मावायच्या नाहीत. इथे कोण येणार? तू. आणि पाचाच्या घंटेनंतर तुझा बाप, दाराबाहेर."

हे झाइदनं वडिलांना सांगितलं नाही. नाकिबुलेला सांगितलं. का सांगितलं, याचं कारण वहीत नाही.

नाकिबुलेनं विषय समितीपुढे नेला. ठराव असा होता, की सव्वातीनची गाडी एक दिवस सव्वातीनला सोडावी, भरो वा न भरो. समितीनं नऊ दिवस विचार केला. अडचणी गंभीर होत्या. सव्वातीनची गाडी म्हणजे कुठली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण गाडीला वेळ असते ही कल्पनाच तिथे नवी होती. शिवाय खरे प्रवासी नसताना गाडी निघाली तर आत आसनधारक असणार, आणि आसनधारकाला गाडीनं कुठेतरी नेणं हे सेवाशर्तींत कुठेच बसत नव्हतं. अध्यक्षांनी नाकिबुलेला विचारलं, या एका म्हाताऱ्यासाठी एवढा खटाटोप कशाला.

"अकरा वर्षांत माझ्यासाठी कुणी उठलेलं नाही," नाकिबुले म्हणाली. "सगळ्यांना वाटतं, ही बसलेलीच असते."

ठराव एका दिवसापुरता, प्रायोगिक तत्त्वावर मंजूर झाला.

त्या दिवशी तीन वाजून पंधरा मिनिटांनी लुब्वामानं दार ओढलं आणि गाडी निघाली. ओग्बाझगींनी घड्याळ पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बाकीच्या बारा जणांत मात्र गडबड उडाली. चालत्या गाडीत हात कुठे ठेवायचे असतात, हे टोपीवाल्यानं झाइदला विचारलं. नाकिबुलेनं पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली. "हलतंय हे!" ती म्हणाली. पहिलं वळण गेल्यावर तिनं दांडीवरचा एक हात सोडला, दुसऱ्या वळणानंतर खिडकीची काच सरकवली. "अगंबाई! आपल्या रस्त्याला एवढी झाडं आहेत?"

तीन बावन्नला गाडी टेकडीवर होती. फाटक उघडायला आठ मिनिटं अवकाश होता. ओग्बाझगी त्या आठ मिनिटांत फाटकासमोर ताठ उभे राहिले, आणि आयुष्यात काही मिळवलेल्या माणसासारखे दिसले.

आसनधारक घरी परतू शकत होते. पण सुट्टी कधी, तर आपल्या जागी खरा प्रवासी आल्यावर. आणि तो तर आलेलाच नव्हता. तेव्हा ते ओग्बाझगींच्या मागून आत गेले. परिचारिका म्हणाली, एका रुग्णापाशी भरवणाऱ्याखेरीज एका वेळी दोघंच. ही शिस्त त्यांना लगेच समजली. दोघं बसत, दोघं उठत. बसलेले अधूनमधून घड्याळ पाहत. हताश होऊन कुणीच पाहिलं नाही. खाटेच्या दुसऱ्या बाजूला ओग्बाझगी घास करून देत होते आणि हारेगू खात होती. त्या दिवशी तिनं अख्खी ताइता संपवली.

शेजारच्या खाटेवरची बाई कोपरावर उठून बघत होती. "एवढं मोठं घराणं?" तिनं विचारलं.

हारेगूला शब्द कळले नाहीत, प्रश्न कळला. तिनं दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग एका हाताची आणखी चार. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "ही पर्सवाली कोण रे?"

"नोकरीतली," ओग्बाझगी म्हणाले.

प्रयोग एका दिवसापुरताच असल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून गाडी पुन्हा भरल्यावर सुटू लागली. पुढच्या पाच दिवसांत ओग्बाझगी दोनदा पाचच्या आत पोचले. सहाव्या दिवशी सकाळी अकराला हारेगू गेली. ती भेटायची वेळ नव्हती.

त्यांच्यात माणूस गेलं की दारापुढे तंबू ठोकतात आणि तीन दिवस लोक येऊन बसतात. बोलायचं बंधन नसतं; बसायचं असतं. किती माणसं बसली यावरून गेलेलं माणूस कोण होतं ते ठरतं, आणि जन्मभराचं बाकी सगळं त्यापुढे फिकं. पण हे झालं अस्मारात, जिथे साठ वर्षं एका गल्लीत काढलेली असतात. कन्सांगात हारेगूला नावानं ओळखणारी माणसं नऊ. तंबूवाल्याकडे मात्र साठ खुर्च्यांच्या खाली सोय नव्हती. पहिल्या सकाळी नऊ माणसं बसली, आणि उरलेल्या खुर्च्या ओग्बाझगींकडे बघत राहिल्या. ते टोपी हातात घेऊन मधोमध बसले होते. झाइदनं मागच्या दोन रांगांच्या खुर्च्या मिटायला घेतल्या.

तेवढ्यात नाकिबुले आली. आपल्या थांब्यावरच्या बाकीच्या अकरांसह, आणि चढावरच्या आणखी तीन थांब्यांचे आसनधारक घेऊन. त्या दिवशी चारही थांब्यांवर व्हॅन रिकाम्या उभ्या होत्या, आणि रिकाम्या व्हॅनमध्ये पहिलं कुणी चढत नाही, हे वर सांगितलंच आहे. कन्सांगाचा अर्धा रस्ता कामावर पायी गेला. मेहनताना कुणी मागितला नाही, आणि समितीनं रजाही कापली नाही, कारण रजा हा प्रकार सेवाशर्तींत नव्हता. ते आले आणि बसले. बसण्यात त्यांचा हात धरणारं शहरात कुणी नव्हतं.

दुपारी चर्चमधले दोघं ओळखीचे आले, तेव्हा नाकिबुले चटकन उठून उभी राहिली.

"बसा," झाइद म्हणाली. "इथे उठायचं नसतं."

"मग कधी उठायचं?"

"तीन दिवसांनी."

"भरलं तरी?"

"भरलं तरी."

नाकिबुले बसली. दुसऱ्या दिवशी केव्हातरी झाइद तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. मग झाइदनं विचारलं, कुणाला असं नाही, की हे कधी संपेल. "आता संपेल," नाकिबुले म्हणाली. याहून अधिक माहिती तिच्याकडे नव्हती.

तंबूची कीर्ती झाली. पलीकडच्या टेकडीवर, जिथे प्रत्येक फाटकाआड दोन-दोन मोटारी असतात आणि मुलं तीन-तीन देशांत असतात, तिथून समितीकडे विचारणा येऊ लागली: आपली वेळ आली तर काही सोय होऊ शकेल का. माणसं मोठी होती. त्यांच्यापाशी सगळं होतं, फक्त बसायला कुणी नव्हतं. समितीनं स्वतंत्र शाखा काढली. शुल्क ठेवलं नाही. नाकिबुलेनं ठेवू दिलं नाही. फक्त एक अर्ज आहे. त्यात नाव, पत्ता आणि एक रकाना: 'काहीही काम नसताना, काहीही न मागता, आपण आजवर ज्यांच्यापाशी जाऊन बसला आहात अशा व्यक्तींची नावे.'

आजतागायत एकशे चाळीस अर्ज आले आहेत. अक्षर सगळ्यांचं सुंदर आहे. रकाना एकशे छत्तीस जणांनी कोरा ठेवलाय, आणि चौघांनी विचारलंय की दवाखान्याच्या दारातून दूरध्वनी केला तर तो धरतात का.

परदेशस्थ वाचकांचेही अर्ज घेतले जातात. आपण पेन हातात घेऊन विचारात पडला असाल तर सावकाश आठवा. नाकिबुलेबाईंना घाई नाही.